सिकलसेल आणि रक्ताची गुठळी : महाराष्ट्रातील एका न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास

प्रस्तावना

आनुवंशिक हिमोग्लोबिन-दोषांच्या महाराष्ट्रातील अभ्यासाला १९५० च्या दशकात आरंभ झाला. त्यानंतरच्या काळात कोणत्या जमातीत, कोणत्या जिल्ह्यात आणि शेकडा किती माणसांच्या रक्तात हे दोष आढळतात, याची गणना पुष्कळ झाली. त्या गणनेतून नकाशे तयार झाले, शासकीय कार्यक्रम उभे राहिले. परंतु ज्यांची गणना झाली त्यांच्यापैकी किती जणांच्या पायाच्या नीलेत किंवा फुप्फुसाच्या रोहिणीत पुढे रक्ताची गुठळी झाली, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला गेला नाही. तो का विचारला गेला नाही, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. याचे उत्तर रोगाच्या स्वरूपात जितके आहे, तितकेच किंबहुना त्याहून अधिक ते या अभ्यासाच्या इतिहासात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सिकलसेलचा महाराष्ट्रातील मुख्य पट्टा म्हणजे विदर्भ, सातपुड्याच्या कुशीतील नंदुरबार-धुळे आणि ठाणे-पालघरचा डोंगराळ भाग. आटपाडी, माण, जत हा दुष्काळी माणदेश त्या पट्ट्याच्या बाहेरचा. मग येथील वाचकाने या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न कोणी विचारू शकेल. त्याचे एक उत्तर असे की, माणसे स्थिर नसतात. आटपाडी-खानापूर भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यानिमित्त देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचले, हे आपण जाणतोच. त्याच रीतीने नोकरी, शिक्षण, बदली आणि लग्न यांच्या निमित्ताने भंडारा-गडचिरोलीची माणसेही सांगली-मिरजेस येतात. दुसरे उत्तर असे की, हिमोग्लोबिनचे दोष सिकलसेलपुरते मर्यादित नाहीत. त्यांपैकी बीटा थॅलेसेमियाचे वाहक सर्व महाराष्ट्रात विखुरलेले आहेत. त्याचा विचार पुढे येईलच.

आकाराची कथा

सिकलसेलचा आधुनिक इतिहास १९१० साली शिकागो येथे सुरू होतो. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी आलेल्या एका तरुणाच्या रक्तात जेम्स हेरिक यांना लांबट, विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी आढळल्या आणि त्यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवून दिले की, प्राणवायू कमी झाला म्हणजे पेशी वाकड्या होतात आणि तो परत मिळाला म्हणजे पुष्कळशा पूर्ववत होतात. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युत्‌ क्षेत्रात या हिमोग्लोबिनची गती निराळी असते हे सिद्ध केले आणि एखाद्या रोगाचे मूळ रेणूत शोधता येते ही कल्पना वैद्यकाला दिली. त्याच वर्षी नील आणि बीट यांनी आनुवंशिकतेचा हिशेब स्वतंत्रपणे मांडला : आईवडील दोघांकडून दोषयुक्त जनुक आल्यास मूल रुग्ण होते, एकाकडूनच आल्यास ते केवळ वाहक राहते. पुढे केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये दोषाची नेमकी जागा सांगितली. बीटा साखळीतील सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच काय तो फरक.

ही कथा इतकी देखणी आहे की, तिने अभ्यासकांना दीर्घकाळ मोहात पाडले. रोगाची सगळी लक्षणे पेशीच्या आकारावरून समजावून सांगता येऊ लागली. ताठर पेशी केशवाहिनीत अडकतात, पुढचा रक्तप्रवाह थांबतो, हाडांत असह्य वेदना होतात, प्लीहा झिजते. नळात काडीकचरा अडकावा तसे हे चित्र होते आणि ते चुकीचेही नव्हते. मात्र त्यामुळे एक गोष्ट दृष्टीआड झाली. पेशी अडकून रक्तप्रवाह थांबणे ही एक घटना आहे. रक्तच गोठून, म्हणजे क्लथन होऊन, गुठळी तयार होणे ही दुसरी. पहिलीत अडथळा सूक्ष्म वाहिन्यांत असतो. दुसरी मोठ्या नीलेतही घडते आणि तेथून सुटलेला तुकडा हृदयामार्गे फुप्फुसात जाऊन प्राण घेऊ शकतो. या दुसऱ्या घटनेची मूलभूत मीमांसा रुडॉल्फ व्हिर्को यांनी जर्मनीत १८५० च्या दशकातच केली होती. प्रवाहाची मंदता, वाहिनीच्या अस्तराची इजा आणि रक्ताची गोठण्याकडे असलेली प्रवृत्ती ही त्रयी वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी त्यांच्या नावाने पाठ करतो. सिकलसेलच्या रुग्णात या तिन्ही गोष्टी एकत्र नांदतात. तरीसुद्धा दोन्ही विषयांचे अभ्यासक बराच काळ आपापल्या दालनात राहिले.

आज जी यंत्रणा समजली आहे ती थोडक्यात अशी. वारंवार वाकणाऱ्या पेशीच्या आवरणाची रचना बिघडते. एरवी आतल्या बाजूस असणारा फॉस्फॅटिडिल-सेरिन हा मेदघटक बाहेर येतो आणि त्याच्या पृष्ठभागावर क्लथनाची साखळी-प्रक्रिया वेगाने चालते. पेशी फुटून मोकळे झालेले हिमोग्लोबिन वाहिन्यांना सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते. वाहिनीचे अस्तर चिकट होते, पांढऱ्या पेशी व रक्तबिंबिका उत्तेजित होतात. अर्थात गुठळी ही या रोगात पाहुणी म्हणून आलेली नसून घरातलीच आहे.

भारतात : मोजमापाचा वारसा

भारतात सिकलसेलची नोंद १९५२ मध्ये दोन ठिकाणी झाली. लेमन आणि कटबुश यांनी निलगिरीच्या परिसरातील आदिवासींत वाहक शोधले. डनलॉप आणि मजुमदार यांनी अप्पर आसामातील चहामळ्यांच्या मजुरांत रोग दाखवला. हे मजूर मूळचे आसामचे नव्हेत. मध्य व पूर्व भारतातून मळ्यांवर नेलेल्या मजूर कुटुंबांतले ते होते, आणि रोगाची नोंद झाली ती त्यांच्या गावी नव्हे तर कामाच्या जागी. स्थलांतरित माणसाचा रोग तो जेथे पोहोचतो तेथे दिसतो, हे या पहिल्याच नोंदीत आहे. पश्चिम भारताच्या बाबतीत सुकुमारन, सांघवी आणि व्यास यांनी १९५६ मध्ये काही आदिवासी जमातींतील वाहकांची माहिती प्रसिद्ध केली. नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांचे टिपण १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. हा दोष केवळ अरण्यवासी जमातींपुरता नसून मध्य भारतातील इतर समाजांतही आहे, ही जाणीव नागपूरकडील अभ्यासाने दृढ केली.

येथे थोडे थांबून हे संशोधन कोणत्या परंपरेतून आले ते पाहणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जातिजमातींच्या अभ्यासाचे मुख्य साधन मानवमिती हे होते. कवटीची लांबी-रुंदी, नाकाचा निर्देशांक, उंची यांवरून वंशांची विभागणी केली जाई. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी हे काम अधिक शास्त्रशुद्ध पायावर नेले. पुढे मुंबईत खानोलकर आणि सांघवी यांनी १९४९-५० च्या सुमारास सहा अंतर्विवाही गटांतील सात जनुकीय लक्षणांची तुलना केली. मोजपट्टीची जागा रक्ताच्या थेंबाने घेतली. १९५२ मध्ये भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बाँबे रक्तगट’ जगापुढे आणला आणि १९५७ मध्ये मुंबईत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले. आजची परळची प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था ही त्याच केंद्राची वाढ होय.

साधन बदलले, प्रश्न मात्र तोच राहिला : हा गट त्या गटाहून किती वेगळा? सिकलसेल जनुक हा या प्रश्नासाठी जणू आयता मिळालेला खुणेचा दगड होता. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलेसेमियाच्या संदर्भात मांडलेली आणि ॲलिसन यांनी १९५४ मध्ये सिकलसेलबाबत आफ्रिकेत तपासलेली कल्पना, की वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळते, सातपुडा-गोंडवनाच्या हिवतापग्रस्त अरण्याला चपखल बसली. १९८० च्या दशकात जनुकाभोवतीच्या खुणांवरून अरब-भारतीय प्रकार आफ्रिकी प्रकारांहून वेगळा असल्याचे कळले. या सर्व संशोधनाचे मोल मोठे आहे. परंतु त्यात माणसाची भेट एकदाच होते. बोटाला सुई टोचली, थेंब घेतला, टक्केवारीत एक आकडा वाढला आणि पथक पुढच्या पाड्यावर गेले. गुठळी मात्र त्या दिवशी दिसत नाही. ती वीस वर्षांनी बाळंतपणात, शस्त्रक्रियेनंतर किंवा प्लॅस्टरमध्ये पाय अडकला असताना दिसते. एकदाच भेटणाऱ्या संशोधकाला ती सापडणे शक्यच नव्हते.

या पद्धतीला पहिला मोठा प्रश्न गडचिरोलीत पडला, आणि तो विचारला लोकांनी. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अभय व राणी बंग यांनी तेथे काम सुरू केले तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या संशोधनांत सिकलसेलचा समावेश होता. लोकांच्या दृष्टीने हा त्यांचा प्रश्न नव्हता, तो संशोधकांचा होता, हे ध्यानात आल्यावर आपण विषय निवडण्याची रीतच बदलली, असे डॉ. बंग यांनी सांगितले आहे. या प्रसंगाचा एक अर्थ असा घेतला जातो की, सिकलसेल आदिवासींना महत्त्वाचा वाटत नाही. मला तो अर्थ अपुरा वाटतो. ज्या तपासणीतून आजाऱ्याच्या हाती उपचार येत नाही, वाहकाच्या हाती नुसते नाव येते, ती तपासणी कोणालाही आपली वाटणार नाही.

पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी सातपुड्यातील आणि इतर आदिवासी भागांत दीर्घकाळ केलेले काम या दृष्टीने वेगळे ठरते. तपासणीबरोबर समुपदेशन आणि उपचार यांची सांगड त्यांनी घातली. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

‘सौम्य’ आणि ‘निरुपद्रवी’

दोन विशेषणांनी या विषयाचे मोठे नुकसान केले. पहिले ‘सौम्य’. अरब-भारतीय प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण मोठेपणीही अधिक राहते आणि आदिवासींत आल्फा थॅलेसेमियाही पुष्कळ आढळतो. या दोन्हींमुळे पेशी वाकण्याचे व फुटण्याचे प्रमाण घटते. ओडिशातील रुग्णांचा अभ्यास १९८६ मध्ये कर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केल्यावर भारतातील रोग एकंदरीत सौम्य, असा समज पसरला. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी रुग्णालयात वर्षानुवर्षे पाहिलेली मुले या समजाला बसत नव्हती. वारंवार वेदना, रक्त भरण्याची गरज, जंतुसंसर्ग हे सर्व तेथे होते. नवजात बालकांपासून पाठपुरावा केलेल्या मध्य भारतातील अभ्यासाने २०१६ मध्ये ते नोंदवले. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, ‘सौम्य’ हा शेरा सरासरीवरून मारला गेला आणि चुकीचा ठरला तो पाठपुराव्याने.

दुसरे विशेषण ‘निरुपद्रवी’. ते वाहकाला लावले गेले. त्याचा इतिहास अमेरिकेत पाहावा लागतो, कारण तेथे या शब्दाने दोन्ही टोके गाठली. १९७० मध्ये लष्करी प्रशिक्षणात चार वाहक जवानांचे मृत्यू प्रसिद्ध झाले आणि वाहक म्हणजे धोका, असे वातावरण झाले. वायुदलाच्या प्रबोधिनीने वाहकांना प्रवेश नाकारला. ती बंदी १९८१ मध्ये उठली. अनेक राज्यांनी सक्तीची तपासणी सुरू केली. त्यातून नोकरी आणि विम्यात भेदभाव झाला. त्याची प्रतिक्रिया म्हणून वैद्यकाने उलट बाजू आग्रहाने मांडली : वाहक हा रोगी नव्हे, त्याला काहीही होत नाही. सामाजिक दृष्टीने ही भूमिका योग्य होती. मात्र तिच्यामुळे वाहकाच्या प्रकृतीचा अभ्यास करणे हेच जणू अन्यायकारक वाटू लागले.

ही कोंडी गुठळीने फोडली. ऑस्टिन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय रुग्णांच्या अभ्यासावरून दाखवले की, वाहकांत नीलेतील गुठळीचा धोका सुमारे दुप्पट आणि फुप्फुसातील गुठळीचा जवळजवळ चौपट आहे. २०१५ मध्ये फोल्सम व सहकाऱ्यांच्या दीर्घकालीन पाठपुराव्यात फुप्फुसातील गुठळीचा धोका दुपटीच्या आसपास निघाला, परंतु पायातील गुठळीचा वाढलेला दिसला नाही. २०१८ मध्ये सर्व उपलब्ध अभ्यासांची छाननी करणाऱ्या नाईक व सहकाऱ्यांच्या आढाव्याने हाच निष्कर्ष भक्कम पुराव्याचा म्हणून स्वीकारला. दरम्यान २०१६ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या मोठ्या अभ्यासाने जुनी भीती बाजूला सारली होती. वाहक सैनिकांत मृत्यूचे प्रमाण अधिक नव्हते. अतिश्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका मात्र काहीसा अधिक होता.

पायात गुठळी वाढत नाही आणि फुप्फुसात वाढते, हे कोडे मोठे विलक्षण आहे. प्रचलित समजुतीप्रमाणे फुप्फुसातली गुठळी ही बहुधा पायातून सुटून आलेली असते. मग उगमाशी वाढ नसताना मुखाशी पूर कसा? दोन स्पष्टीकरणे पुढे आली आहेत. एक असे की, गुठळी फुप्फुसाच्या वाहिन्यांतच, कमी प्राणवायू असलेल्या रक्तात, जागच्या जागी तयार होते. दुसरे असे की, सिकल हिमोग्लोबिन असलेल्या पेशी गुंतलेली नीलेतली गुठळी ठिसूळ असते; ती पायात मोठी होऊन सूज आणण्याआधीच तुटून वर जाते. दोहोंचा व्यवहारातला अर्थ एकच आहे. पायाला सूज नाही म्हणून फुप्फुसाची शंका सोडून देणे वाहकाच्या बाबतीत धोक्याचे ठरते.

प्रत्यक्ष रुग्णांचे चित्र याहून गंभीर आहे. बाल्टिमोर येथील ४०४ प्रौढ रुग्णांच्या २०१३ मधील अभ्यासात चौघांपैकी एकाला केव्हा ना केव्हा नीलेतील गुठळी झालेली होती आणि ती सुमारे तिशीच्या आतबाहेर. कॅलिफोर्नियातील ६,२३७ रुग्णांच्या २०१७ मधील पाहणीत वयाच्या चाळिशीपर्यंत हे प्रमाण ११.३ टक्के आले. दोन आकड्यांत अंतर आहे, कारण एक मोठ्या रुग्णालयात येणाऱ्यांचा आणि दुसरा संपूर्ण राज्याचा आहे. कसेही मोजले तरी सर्वसाधारण तरुणाशी त्याची तुलना होत नाही. पाश्चात्त्य समाजात सर्व वयांचे मिळून वर्षाला हजारी सुमारे एक, असे हे प्रमाण धरले जाते. वाहकाचा वाढीव धोकाही याच मोजपट्टीवर वाचला पाहिजे. ‘दुप्पट’ हा शब्द ऐकून गाव घाबरते. हजारी एकाचे हजारी दोन, असे सांगितले तर ते विचार करते.

हे अमेरिकी आकडे विदर्भातील वाहकाला जसेच्या तसे लावणे मात्र शास्त्राला धरून होणार नाही. जनुकाचा प्रकार वेगळा आहे. शिवाय गोऱ्या लोकांत गुठळीचे प्रमुख आनुवंशिक कारण असणारा ‘फॅक्टर फाइव्ह लायडेन’ हा दोष भारतात एकंदरीने विरळा आहे. पश्चिम भारतातील यकृतनीला-अवरोधाच्या रुग्णांत अशा दोषांचा शोध मुंबईच्या याच प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेतील संशोधकांनी घेतला आणि २००१ मध्ये तो प्रसिद्ध केला. म्हणजे हिमोग्लोबिनचे आणि क्लथनाचे असे दोन्ही अभ्यास परळच्या एकाच छपराखाली होते. त्यांचे सांधे जुळवण्यासाठी दूर जावे लागणार नाही.

माणदेशाच्या बाजूने

आता थॅलेसेमियाकडे वळू. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत १ ते ६ टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे कोलाह व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले. हा नकाशा सांगली-साताऱ्याला वगळत नाही. नियमित रक्त न भरावे लागणारा जो मध्यम प्रकार आहे, त्यात गुठळीचा धोका अधिक असतो आणि प्लीहा काढून टाकल्यानंतर तो आणखी वाढतो. भूमध्य समुद्रालगतच्या देशांतील व इराणमधील ८,८६० रुग्णांच्या २००६ मधील पाहणीत मध्यम प्रकारातील गुठळ्यांचे प्रमाण तीव्र प्रकाराच्या चौपटीहून अधिक आढळले. वरवर हे उलटे वाटते. परंतु तीव्र प्रकारात भरलेले निरोगी रक्त रुग्णाच्या स्वतःच्या सदोष पेशींना मागे रेटते. मध्यम प्रकारात त्या पेशी वर्षानुवर्षे वाहत राहतात. प्लीहा असते तोवर ती त्यांना गाळून बाजूला काढते, ती गेली की तेही थांबते.

माणदेशाचे हवामान या विषयाला परके नाही. पाण्याचे दुर्भिक्ष, उन्हातले श्रम आणि शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे सिकल पेशी अधिक वाकतात आणि रक्तही दाटते. येथील माणूस दुखण्यासाठी विटा, सांगली किंवा मिरजेपर्यंत जातो. प्रवासात बसून राहणेही गुठळीला पोषकच. बाळंतपण आणि संततिप्रतिबंधक गोळ्या यांचा प्रश्न तर सर्वत्र सारखा आहे. इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या सिकलसेलच्या रुग्ण स्त्रीला देऊ नयेत, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट केले. त्यापूर्वीची त्यांचीच शिफारस बरीच सैल होती.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांना मान्यता दिली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे लक्ष्य आहे. तपासलेल्यांना कार्ड दिले जाते आणि दोन वाहकांनी परस्परांशी विवाह करण्यापूर्वी विचार करावा, हा त्यामागील सल्ल्याचा गाभा आहे. हा सल्ला आवश्यक आहे, परंतु तो पुढच्या पिढीसाठी आहे. ज्या मुलीच्या हाती आज ते कार्ड पडते, तिच्या स्वतःच्या देहाविषयी त्यातून तिला थोडेच कळते. ती ‘वाहक’ म्हणून नोंदली जाते, म्हणजे काहीतरी दुसऱ्यापर्यंत पोहोचवणारी. शब्दच तसा आहे. खरे तर तिला सांगायला हवे ते अगदी साधे आहे. तू रोगी नाहीस. लग्न, शिक्षण, नोकरी यांत तुला कशाचीही मनाई नाही. मात्र बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा पाय प्लॅस्टरमध्ये अडकणे असे काही आले, तर डॉक्टरांना आपण होऊन हे कार्ड दाखव. अचानक दम लागला, छातीत दुखले, तर पायाला सूज येण्याची वाट पाहू नकोस.

आणि हे कार्ड वाचणारा डॉक्टर नेहमी नागपुरातच असेल असे नाही. सांगलीच्या एखाद्या अपघात विभागात दम लागलेली तरुणी येते, पायाला सूज नसते, हिमोग्लोबिन जवळपास ठीक असते, आणि केसपेपरवर पत्ता असतो तो तिच्या सासरचा किंवा वसतिगृहाचा. मूळ गाव अहेरी आहे की अक्कलकुवा, हे कोणी विचारत नाही. गेल्या पाऊणशे वर्षांच्या पाहण्यांनी जो नकाशा इतक्या कष्टाने तयार केला, तो उपयोगात आणण्याची जागा केसपेपरवरची ती एक ओळ आहे.